चार लाखांचा भूगोल

माझी भाची बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, भूगोल घेऊन. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जाणं-येणं. पुढे काय, हा विषय घरात दिवाळीपासून चालू होता. गेल्या महिन्यात त्याला आकडा लागला: चार लाख रुपये. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत दोन वर्षांचं एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळायचं शिक्षण. फी २ लाख ४० हजार, राहण्या-खाण्याचे १ लाख ६० हजार. बँकेचा साहेब कर्ज द्यायला तयार आहे. दादाचा फोन आला, "बाई, घेऊ का कर्ज? तू त्यातलीच हायेस, तुले समजते."

मी त्यातलीच आहे हे खरं. भूगोलात एमए केलं, मग नागपूरला जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करायचा, एका वर्षाचा डिप्लोमा केला, आणि आता यवतमाळला एका सामाजिक संस्थेत पाणलोटाचे नकाशे करते. या विषयाने मला पोट दिलं आणि गावागावांत फिरायला कारण दिलं. तो सोडून दुसरं काही केलं असतं असं मला कधी वाटलं नाही. म्हणून दादाला "नको" म्हणणं जड जात होतं, आणि "घे" म्हणणं त्याहून जड. उत्तर द्यायला बसले ते इतकं लांबलं, की म्हटलं इथेच लिहावं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत यंदा हेच चाललं असणार.

एक गोष्ट आधी सांगते. बीएच्या भूगोलाला कर्ज लागत नाही. अनुदानित कॉलेजची वर्षाची फी काही हजारांत असते, त्यातली बरीचशी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीतून परत येते. खर्च होतो तो एसटीच्या पासाला, प्रात्यक्षिकाच्या वहीला आणि तिसऱ्या वर्षाच्या सहलीला. तेवढ्या पैशांत जे मिळतं त्याची किंमत आपण फार कमी धरतो. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा भाचीची प्रात्यक्षिकाची वही पाहिली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५५ एच मधल्या एका नकाशावरून तिने आपल्या गावामागची टेकडी पेन्सिलने उचलली होती. २० मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), उतार तीव्र तिथे एकमेकींना चिकटलेल्या, माळावर सुट्या सुट्या. एका जागी सगळ्या रेषा चढाच्या दिशेने टोक काढून वळल्या होत्या. तिथे तिने निळ्या पेनाने बाण काढून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नाला. आबाच्या वावरातून.' आमच्या आबाच्या वावराचा तो बांध दर दोन-तीन पावसाळ्यांनी फुटतो. आबा म्हणायचे धुरा कच्चा आहे. पोरीने वहीत दाखवून दिलं की अख्ख्या टेकडीचं पाणी त्या एका टोकाकडे येतं, धुरा कितीही पक्का केला तरी तिथूनच जाणार.

म्हणून "भूगोल घेऊन काय मिळते?" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मिळतं. पण जे मिळतं त्यावर बँकेचा हप्ता किती बसतो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो रागाने सुटत नाही. तो कागदावरच सोडवावा लागतो.

तर कागद. बँकेने दर सांगितला १०.५ टक्के. शैक्षणिक कर्जात शिकत असतानाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं तेवढे दिवस व्याजही नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, फक्त सरळव्याजाने. पहिल्या वर्षी उचललेल्या दोन लाखांवर तीन वर्षांचं ६३ हजार, दुसऱ्या वर्षी उचललेल्या दोन लाखांवर दोन वर्षांचं ४२ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच चार लाखांचे ५ लाख ५ हजार झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ८,५१५ रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर ६,८१४. साहेबाने दादाला सांगितलं, "पंधरा वर्षं घ्या, हप्ता हलका होते." हलका होतो, ५,५८२ होतो. पण १८० महिने तो भरला की बेरीज दहा लाखांच्या थोडी वर जाते. हे त्याने सांगितलं नाही. दादानेही विचारलं नाही, कारण हप्ता किती एवढंच विचारायची आपल्याला सवय आहे.

दादाला समजावं म्हणून मी सात वर्षांचा हप्ता सोयाबीनमध्ये मांडला. वर्षाचे १ लाख २ हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे वर्षाला १९ क्विंटलपेक्षा जरा जास्त सोयाबीन फक्त हप्त्याला. कोरडवाहूत आपल्याकडे चांगल्या साली एकरी पाच-सहा क्विंटल होतं. दादाचं वावर पाच एकर. त्यातलं साडेतीन एकर बियाणं, खत, फवारणी, सोंगणी काही वजा न करता हप्त्यात जाणार, आणि तेही हमीभाव मिळाला तर. दारव्ह्याच्या बाजारात यंदा काय भाव निघाला ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण हप्ता तर ते पोरगी भरन ना, नोकरी लागल्यावर."

म्हणून आता पगाराचं.

आमच्या संस्थेत नकाशाच्या कामासाठी जागा निघते तेव्हा अर्ज माझ्याकडे येतात. एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स केलेली, पुण्या-नागपुरात एक-दोन वर्षं काम केलेली मुलं-मुली असतात. आधीचा पगार विचारला की बहुतेकांचं उत्तर १४ ते १८ हजारांत येतं. काम काय, तर बाहेरच्या कंपन्यांसाठी उपग्रहाच्या चित्रावरून घरं, रस्ते, पाइपलाइन गिरवणं. दिवसाला ठरलेला आकडा पूर्ण करायचा. पुण्यात खोली आणि मेसचे नऊ-दहा हजार जातात. १६ हजारांतून ते वजा करा, मग ८,५१५ चा हप्ता वजा करा. उरणारा आकडा शून्याच्या खाली जातो, आणि तो भरून काढायला फोन गावी येतो.

उलटंही पाहिलंय. माझ्या नंतरच्या बॅचचा एक मुलगा, उमरखेडकडचा. एमएस्सी करता करता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला, डेटाबेस शिकला, हैदराबादला गेला. नकाशा गिरवणाऱ्यांतून नकाशाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत गेला, आणि चार वर्षांत त्याचा पगार तिपटीवर गेला. त्याला पाच लाखांचं कर्ज जड गेलं नाही. पण तो बीएस्सी गणित करून आला होता, आणि संगणकाची ओढ त्याला आधीपासून होती. बँकेचा साहेब, संस्थेचं माहितीपत्रक, गावातले नातेवाईक सगळे त्याच्यासारख्याचंच उदाहरण देतात. कर्ज मात्र प्रत्येकाला सारखंच मिळतं.

नागपूरच्या सरकारी संस्थांची नावं तर प्रत्येक भूगोलवाल्याच्या तोंडी असतात. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून तिथे आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो अमरावती रोडवर आहे. इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे, भूजल सर्वेक्षणवाले आहेत. विदर्भात भूगोलाला काम नाही असं म्हणणाऱ्याने हा पसारा पाहावा. भारत मोजायची जी मोठी मोहीम १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाली, ती चालवणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. ही माती दोनशे वर्षं मोजली जातेय. पण आजची सत्य परिस्थिती अशी, की अशा कामांत नव्याने शिरणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पावर, मुदतीच्या करारावर जागा मिळते. प्रकल्प संपला की पुन्हा शोध. त्या मधल्या महिन्यांत पगार थांबतो, हप्ता थांबत नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते, ती भूगोलाच्या प्रत्येक पोरीला बारावीलाच कुणीतरी सांगायला हवी. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या जागा निघतात. जमीन मोजायची, नकाशा करायचा, हद्द दाखवायची. नावाप्रमाणे काम भूगोलाचं. पण जाहिरातीत अट असते स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, नाहीतर दहावी आणि आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड. बीए भूगोल, एमए भूगोल त्यात बसत नाही. दोन वर्षांचा आयटीआयचा कोर्स, फी नाममात्र, आणि तो दरवाजा उघडतो जो पदव्युत्तर पदवीने उघडत नाही. भाचीच्या वर्गातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं.

शिक्षिका व्हायचं तर बीएड. ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. मग टीईटी, अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि जागा निघायची वाट. लागलं तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ मध्ये मानधन वाढलं हे चांगलं झालं, माध्यमिकला आता १८ हजार मिळतात, आधी आठच होते. पोर्टलने लागणाऱ्याला हा रस्ता बरा आहे. पण खासगी संस्थांत नोकरीसाठी अजूनही पैशांची मागणी होते. माझ्या नात्यातल्या एका मुलाला एका संस्थेने जो आकडा सांगितला, त्यात चार लाखांची अशी कितीतरी कर्जं बसली असती. तो निघून आला. त्याच्या बापाने दोन एकर विकायला काढले होते, ते वाचले. कॉलेजात शिकवायचं तर एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. कायम जागेवर लागलं तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, त्यात कोणतंही कर्ज फिटेल. पण जागा निघत नाहीत, आणि सेट झालेली माझी मैत्रीण तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्यात तासिका नाहीत, म्हणून पैसेही नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिल महिनोन्महिने निघत नाही.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळे बोलतातच. २०२३ ची तलाठी भरती ४,६४४ जागांची होती आणि अर्ज आले दहा लाखांवर. भूगोलाचा त्या अभ्यासाला फायदा होतो. पण त्या निकालाच्या भरवशावर व्याज चढतं कर्ज उचलायचं नसतं.

आता आपल्या घरांबद्दल, कारण हे शहरातल्या सल्ल्यात कुठेच नसतं.

शेतकऱ्याच्या घरात आधीच एक कर्ज चालू असतं. दादाचं पीककर्ज आहे. ते वेळेवर नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून नवं उचललं, तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून ते शून्यावर येतं. त्यामुळे घराला कर्जाची जी ओळख आहे ती शून्य टक्क्यांची आहे. शिवाय दोन कर्जमाफ्या त्याने पाहिल्यात. २०१७ ला दीड लाखापर्यंतची झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. मनात कुठेतरी असतं की फारच झालं तर सरकार काहीतरी करेल. मी त्याला स्पष्ट सांगितलं, त्या माफ्या शेतीच्या कर्जाच्या होत्या. पोरीच्या शिक्षणाचं कर्ज त्यात कधी धरलं नाही, आणि पुढे धरतील या आशेवर सही करू नको.

सही करू नको म्हणते, कारण सही त्याचीही लागते. शैक्षणिक कर्ज पोरीच्या नावाने असलं तरी आई किंवा बाप सहकर्जदार असतो. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, सातबाऱ्यावर बोजा चढत नाही, म्हणून बापाला वाटतं आपलं काही गुंतलेलं नाही. पण हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत ठरवणारा आकडा, दोघांचा पडतो. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेल्या, वाशीम जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं हेच झालं. पुढे पुण्याला साडेचार लाखांचं कर्ज काढून शिकली, १३ हजारांवर लागली, वर्षभर ओढलं, मग आजारी पडून घरी आली. हप्ते थांबले. त्या जूनमध्ये तिचे वडील पीककर्ज नवं-जुनं करायला गेले तर फाइल बाजूला ठेवली. पेरणी तोंडावर. त्यांनी बी-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर घेतलं, ज्याचं व्याज कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. शिक्षणाच्या कर्जाचा खरा खर्च त्या घराने असा भरला. तिने अभ्यासात कसूर केली नव्हती, माझ्यापेक्षा तिचे मार्क जास्त होते.

आणि मुलीचं म्हटलं की लग्न येतं. वहिनीने हे मला स्वयंपाकघरात, दादा बाहेर गेल्यावर विचारलं. "कर्ज घेतलं अन् दोन वर्षांत स्थळ आलं, तं हप्ता कोन भरन? सासरचे भरतीन का?" हा प्रश्न मागासलेला म्हणून उडवून लावणारे मी पाहिलेत. मला तो पूर्ण खरा वाटतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत माझ्या कर्जाचा विषय निघाला होता. मीच काढला. म्हटलं, माझा हप्ता तीन हजार आहे, माझ्या पगारातून जातो, फिटेपर्यंत नोकरी सोडणार नाही. तीन हजार होता म्हणून मी असं ताठ बोलू शकले. साडेआठ हजार असता तर माझा निम्म्याहून जास्त पगार त्यात गेला असता आणि माझ्या शब्दाला वजन राहिलं नसतं. मुलीच्या बाबतीत हप्त्याचा आकार हा तिच्या पुढच्या आयुष्यातल्या बोलण्याचा आकार असतो, म्हणून मी यावर इतकी अडून बसलेय.

माझं कर्ज होतं १ लाख १० हजार, दर १२ टक्के, २०१३ मध्ये. पहिला पगार ११,५००. हप्ता पगाराच्या पावाच्या जवळपास होता. राहायला मैत्रिणीबरोबर खोली, घरी दिवाळीला थोडे पैसे, आणि तरी महिना निघायचा. तो पाव भाग मी तेव्हा ठरवून धरला नव्हता, बँकेने तेवढंच दिलं होतं. पण आज कुणी विचारलं तर मी तोच सांगते: सगळ्यात कमी पगाराची जी नोकरी लागण्याची शक्यता आहे तिचा पगार धरा, संस्थेने सांगितलेला सरासरी पगार धरू नका, आणि त्याच्या पावाच्या वर हप्ता जाणार असेल तर कर्ज लहान करा.

कर्ज लहान करता येतं, हे मुख्य. जीआयएस शिकायला जे लागतं त्यातलं बरंचसं आज फुकट आहे. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आमचं सगळं काम त्यावरच चालतं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन कोर्स फुकट घेते, प्रमाणपत्र देते. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर नकाशे आहेत. पैसे खरे लागतात ते चांगल्या लॅपटॉपला, आणि शिक्षणाच्या कर्जात लॅपटॉप धरता येतो. सरकारी विद्यापीठाच्या विभागात किंवा अनुदानित कॉलेजच्या पदव्युत्तर केंद्रात दोन वर्षांचं एमए किंवा एमएस्सी भूगोल, शासकीय मुलींच्या वसतिगृहात नंबर लागला तर राहणं जवळपास मोकळं, लॅपटॉप, आणि पुढच्या उन्हाळ्यात एखादा छोटा कोर्स. हे सगळं मी भाचीसाठी १ लाख २० हजारांत बसवलं. त्याच दराने, हप्ता नसलेल्या काळाची तेवढीच सवड धरून, पाच वर्षांचा हप्ता येतो ३,२५६. चौदा हजारांच्या नोकरीतही तो पावाच्या आत राहतो. आणि शिकत असतानाचं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलं तर मुद्दल फुगत नाही, बऱ्याच बँका त्यासाठी दरात एक टक्का सूटही देतात. पहिल्या वर्षी, निम्मंच कर्ज उचललेलं असताना, ते व्याज महिन्याला ५२५ रुपये होतं. तेवढं दादा भरू शकतो.

व्याजाच्या सरकारी सवलतींबद्दल दादाला साहेबाने अर्धवट सांगितलं होतं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, सवडीच्या काळात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सरकार भरतं. पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांनाच लागू आहे. जिथे प्रवेश घ्यायचा ती संस्था यादीत आहे का, हे फी भरायच्या आधी पोर्टलवर पाहायचं. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला पूर्ण व्याजमाफीची जी जुनी योजना आहे, ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांची. भूगोलाचं साधं एमए त्यात बसत नाही. आयकरात शिक्षणकर्जाच्या व्याजाची सूट आहे म्हणून कुणी सांगितलं तर ती सोडून द्या, सोळा हजार पगारावर आयकर लागतच नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "आत्या, म्हंजे पुण्याले जायचंच नाही का मी?" तिच्या आवाजात जे होतं ते मला कळलं. तिला पुण्याचा कोर्स जेवढा हवाय तेवढंच गावाबाहेर पाऊल हवंय, आणि ते हवं असण्यात काही चूक नाही. मला स्वतःला नागपूर मिळालं नसतं तर मी आज इथे नसते. मी तिला म्हटलं, जा, पण कर्ज डोक्यावर घेऊन जाण्याआधी काम येत असताना जा. एमए करताना दोन वर्षांत दहा गावांचे पाणलोट नकाशे स्वतः कर, पाण्याचा ताळेबंद मांडायला शीक, पायथनला हात घालून पाहा. पायथन जमलं तर तेव्हा मोठं कर्ज घ्यायला मीच तुझ्या बापाला सांगेन, सहकर्जदार म्हणून मी सही करेन. नाही जमलं तरी माझ्यासारख्या संस्थांना माथा ते पायथा, म्हणजे टेकडीच्या वरपासून खालपर्यंत पाणी अडवायचा, आराखडा करणारी माणसं हवीच आहेत, ती मिळत नाहीत. अर्ज येतात ते गिरवणाऱ्यांचे. टेकडीच्या रेषांवरून बांध कुठे फुटेल हे ओळखणारी मुलगी मी पुष्कळ दिवसांत पाहिलेली नाही.

ती लगेच हो म्हणाली नाही. मैत्रिणी पुण्याला चालल्यात. दादा माझ्या बाजूने झालाय, वहिनी अर्धी झालीय, आणि भाचीने दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेवलेत. ते ठीकच आहे, निर्णय तिचा आहे, हप्ताही तिचाच असणार.

पुण्याच्या त्या संस्थेला मी ईमेल केला आहे. मागच्या दोन बॅचमध्ये किती जण पास झाले, त्यातल्या किती जणांना संस्थेमार्फत नोकरी लागली, आणि सगळ्यात कमी पगार किती होता. सगळ्यात जास्त पगार त्यांच्या पत्रकावर आहे, तो विचारला नाही. उत्तर आलं की इथे टाकते. दादा सोमवारी सेतूत उत्पन्नाचा नवा दाखला काढायला जाणार आहे, जुन्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि त्याशिवाय वसतिगृहाचा अर्ज पुढे सरकत नाही. तुमच्या घरीही यंदा प्रवेश असेल तर तो दाखला आधी काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.